पलीकडच्या खोलीतलं मशीन

प्रिय मित्रा,

फिल्म पुरी झाल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं, म्हणून इतके दिवस पत्र नाही. आता ९ मिनिटं २० सेकंदांची फिल्म तयार आहे. फक्त शेवटावर अडलोय, आणि त्यासाठी मला तूच हवा आहेस.

पटकथा वाचून तू म्हणाला होतास, "आई एकदाही दिसत नाही, कुणी चकार शब्द बोलत नाही, मग कळणार कसं?" तेव्हा मी "आवाजातून कळेल" असं ठोकून दिलं. आवाजातून म्हणजे नेमकं कसं, ते मला काम करताना समजलं.

मुलगी टेबलाशी बसून चित्र काढतेय, पलीकडच्या खोलीत आईचं शिवणाचं मशीन चालू आहे आणि एका रात्री ते थांबतं. पहिल्या कटमध्ये मी ते दीड मिनिटातच थांबवलं होतं. वर्गातल्या चौघांना दाखवलं. एकालाही ते थांबल्याचं जाणवलं नाही! फार लागलं ते मनाला. दोन दिवस एडिटिंगची टाइमलाइन उघडली नाही. मग लक्षात आलं, जो आवाज कानात मुरलाच नाही, तो गेल्याचं कानाला कळणार कुठून?

म्हणून आधी सवय लावली. मशीन थांबतं, क्षणभर काही नाही, मग कात्रीने दोरा कापल्याचा आवाज, की पुन्हा खडखड सुरू. असं तीनदा. तिन्ही वेळा मुलगी मानसुद्धा वर करत नाही. चौथ्यांदा मशीन थांबतं आणि कात्री वाजत नाही. पडद्यावर काहीच घडत नाही, तिची पेन्सिल तेवढी थांबते. कात्री जिथे वाजायला हवी होती, नेमक्या त्याच फ्रेमवर मी आधी पेन्सिल थांबवली होती. पण मग तिला सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं वाटायचं. सेकंदाला २४ फ्रेम. एकेक फ्रेम पुढे सरकत १८ वर आलो. पाऊण सेकंद. तेवढ्या वेळात ती मुलगी कानात प्राण आणून ऐकतेय, हे तिचा चेहरा न दाखवताही कळतं.

मशीनच्या आवाजाने मात्र रडकुंडीला आणलं. माइक वीतभर अंतरावर धरून रेकॉर्डिंग केलं, तेव्हा सुई, पट्टा, पॅडलची करकर सगळं लख्ख आलं. पण तो मशीनजवळ बसलेल्या माणसाचा आवाज झाला; मुलगी तर भिंतीच्या अलीकडे आहे. एडिटिंगमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे आवाजातली तीक्ष्ण धार, कापून पाहिल्या, तर उशीखाली दाबल्यासारखा आवाज आला. भिंत वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त अडवते हे खरं, पण दाराच्या फटीतून थोडी धार येतेच, शिवाय आवाज अलीकडच्या खोलीत येऊन भिंतींवर आपटतो. शेवटी एका खोलीत स्पीकरवर तेच रेकॉर्डिंग लावलं, दार चार बोटं उघडं ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत, मुलीचं डोकं असतं त्या उंचीवर माइक लावून ते पुन्हा रेकॉर्ड केलं. हेडफोनमध्ये ऐकताना अंगावर काटा आला रे. पलीकडे खरंच कुणीतरी होतं.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी एक चूक झाली. फ्रीज कधी चालू, कधी बंद, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि रूम टोनही, म्हणजे कुणी काही करत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो, घेतला नाही. टेक जोडायला बसलो, तर प्रत्येक कटला घरघर अचानक उगवायची नि अचानक मरायची. सगळा दिवस पुन्हा शूट केला. आता फ्रीज बंद करतो आणि माझ्या किल्ल्या त्यातच ठेवतो, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. आणि प्रत्येक खोलीचा पूर्ण मिनिटभर रूम टोन, सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहून.

तो रूम टोन शांततेसाठीच कामी आला. मशीन थांबल्यावर मी आधी सगळे ट्रॅक शून्यावर नेले होते. हॉलमध्ये लावलं, तर लोक मागे वळून बघायला लागले, स्पीकर गेला की काय म्हणून! मग उलटं केलं. घड्याळ, दिव्याची बारीक गुणगुण, मुलीचा श्वास हे सगळं पहिल्या फ्रेमपासून ठेवलं, शेवटपर्यंत एकाच पातळीवर. मशीन चालू असेतो ते त्याच्याखाली झाकलेलं असतं. ते थांबलं की घड्याळ ऐकू येतं, आणि ते आधीपासून चालूच होतं हेही तेव्हाच कळतं. सगळ्या फिल्ममधली ही माझी सर्वांत आवडती जागा.

आता शेवट. मुलगी मशीनवर जाऊन बसते, पॅडल मारते. कॅमेरा अलीकडच्या खोलीतच. रिकामी खुर्ची दिसते, आवाज दाराआडून येतो. एका शेवटात तिचा पाय अडखळतो, लय जमत नाही, ती पुन्हा सुरू करते आणि पडदा काळा होतो. दुसऱ्यात लय हळूहळू आईसारखी होते, मशीन थांबतं आणि कात्री वाजते. वर्गात सगळ्यांना दुसरा आवडला. माझा जीव पहिल्यात अडकलाय, कारण आईचा हात एका रात्रीत येत नाही.

दोन्ही पाठवतोय. रात्री, हेडफोन लावून बघ. आधी डोळे मिटून एकदा नुसतं ऐक, चित्र नंतर. आणि कुठे कंटाळलास, तो मिनिट-सेकंद लिहून कळव.

तुझाच,
वाट पाहणारा मित्र