फरक शून्य

प्रिय अव्या,

सात महिने पत्र नाही, मान्य. मी कामात बुडालोय असं लंबूने सांगितलं असेल; ते अर्धं खरं, उरलेला आळस. गुडघा ठीक. पण हे तुलाच सांगायला हवं, कारण घरी सांगितलं तर "मग परत चालव की" म्हणतात, आणि ऑफिसात सांगायची छाती होत नाही.

माझा तो जुना प्रोग्रॅम आठवतो? अ गुणिले क्ष गुणिले ब अधिक क, आलेलं उत्तर पुन्हा क्ष म्हणून घालायचं, उत्तर स्थिरावेपर्यंत फेऱ्या. सगळं एका ओळीत बसवलं म्हणून मी मिरवायचो आणि तू नाक मुरडायचास. आता त्यातल्या मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) 4000 बाय 4000 झाल्यात: 1.6 कोटी आकडे, प्रत्येकी 8 बाइट, म्हणजे एकेक 128 एमबीची. माझी देखणी ओळ दोन गुणाकारांना दोन नव्या मॅट्रिक्स मागते, बेरजेला (नमपायला, म्हणजे पायथनच्या गणिती लायब्ररीला, दया आली नाही तर) तिसरी, जुन्या-नव्या उत्तरातला फरक काढायला चौथी. दर फेरीला 512 एमबी मागायचे आणि टाकून द्यायचे. प्रोग्रॅम रांगायला लागला, तेव्हा तुझी कटकट आठवली: "जागा एकदाच घे, लूपच्या बाहेर."

घेतली. उत्तरासाठी य, मधल्या हिशेबासाठी त. मॅटमलला (गुणाकाराच्या फंक्शनला) आउट, म्हणजे उत्तर कुठे लिहायचं ते, देऊन अ-क्ष चा गुणाकार त मध्ये, त-ब चा य मध्ये, क जागच्या जागी मिळवला, फरक पुन्हा त मध्येच, मग क्ष आणि य ची नुसती नावं अदलाबदल. लूपमध्ये एकही नवी मॅट्रिक्स नाही. चालवला, तर पहिल्याच फेरीत थांबला. पूर्वी दोनशेच्या वर फेऱ्या लागायच्या! मी काय केलं असेल ओळख. मीटिंगमध्ये उभा राहून "दोनशे पट" म्हणालो. टाळ्या पडल्या रे.

रात्री अडीचला उठून बसलो. फरक नेमका शून्य आला होता. दशांशांच्या राज्यात असा शून्य फुकट मिळत नाही. य साठी एम्प्टी_लाइकने नवी जागा घ्यायच्या ऐवजी मी लिहिलं होतं, य = क्ष. एकाच मॅट्रिक्सला दोन नावं. उत्तर य मध्ये लिहिलं की क्ष ही तेच होणार, आणि मी त्याला त्याच्यातूनच वजा करत होतो. होस्टेलच्या गच्चीवर "बरोबरचं चिन्ह कॉपी करत नाही" यावर आपण भांडलो होतो आणि मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नव्हतो, ते मागे घेतो. सुमीला मात्र सांगू नकोस.

पण तूही पुरता जिंकला नाहीस, हं. चूक दुरुस्त केल्यावर वेग थोडासाच वाढला. या आकाराचा एक गुणाकार म्हणजे सुमारे 12,800 कोटी बेरजा-गुणाकार. त्यापुढे जागा मागण्याचा खर्च किरकोळ. तुझी शिकवण खरी फळली ती 4 बाय 4 च्या प्रोग्रॅममध्ये. तिथे हिशेबापेक्षा जागेची मागणीच महाग, आणि ती लाखो वेळा. म्हणजे तू बरोबर होतास, पण भलत्या प्रोग्रॅमबद्दल.

आता खरी पंचाईत. मीटिंगनंतर शेजारच्या टेबलवरच्या नव्या मुलीने माझं ते चुकीचं लूप जसंच्या तसं उचललं. तिचे निकाल पुढे गेलेत, आलेख रंगीत छापून भिंतीवर लागलाय. रोज कॉफी घेताना ती "सर, कसलं फास्ट झालं!" म्हणते आणि मला कॉफी गिळवत नाही. आधी तिला गाठून सांगू, की साहेबांना? आणि "दोनशे पट" हा शब्द परत कसा घेतात? माझ्या जागी तू असतास तर त्याच रात्री ईमेल टाकून शांत झोपला असतास, ते माहीत आहे. म्हणूनच तुला विचारायला सात महिने जड गेले.

तुझ्या बदलीचं कळलं, छान झालं. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? पोरीला माझी टपली.

मंगळवारी पुन्हा मीटिंग आहे. त्याआधी फोन कर, रात्री दहानंतर.

तुझाच,
बंड्या