तत्त्वज्ञांना पगार कशाला, हे विचारणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना सरकारी पगार का द्यायचा, हा कालच्या अंकातला लेख वाचला. कालच लिहिणार होते, पण राग शांत होऊ दे म्हणून थांबले, तो काही झाला नाही. लेखकाचं म्हणणं असं की ज्यांच्या कामातून हातात काही पडत नाही त्यांचा भार करदात्यांनी का उचलायचा, मग तत्त्वज्ञ काय, इतिहासकार काय, जुन्या भाषांचे अभ्यासक काय, सगळे एकाच दावणीला बांधून मोकळे झाले. ज्यांना हौस आहे त्यांनी फी भरून शिकावं आणि मास्तरांनी त्या फीवर जगावं म्हणे. वर सॉक्रेटिसचा दाखला, त्याने कुठे पगार घेतला होता.

सॉक्रेटिसने फी घेतली नाही हे खरं आहे. पण त्याच्या पुढचं लेखकाने वाचलेलं दिसत नाही. इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने त्याला दोषी ठरवलं आणि शिक्षा काय असावी हे सुचवायची वेळ त्याच्यावर आली, तेव्हा तो म्हणाला की ऑलिंपिक जिंकणाऱ्याला नगर जसं सरकारी खर्चाने जेवायला घालतं तसं मलाही घालावं, माझ्या कामाला तेच योग्य आहे. त्याच्या शिष्याने, प्लेटोने, हे लिहून ठेवलंय. म्हणजे दाखला उलटाच पडला. आणि फीवर जगायचं म्हणाल तर ते जर्मन तत्त्वज्ञ कांटने करून बघितलंय. 1755 पासून 1770 पर्यंत तो विद्यार्थ्यांच्या फीवर शिकवत होता, तर्कशास्त्रापासून भूगोलापर्यंत सगळं, तासांवर तास. पगारी प्राध्यापकी 1770 ला मिळाली आणि ज्या ग्रंथामुळे आजही त्याचं नाव निघतं तो आला 1781 मध्ये, मधल्या काळात त्याने जवळजवळ काहीच छापलं नाही. लेखकाच्या हिशेबाने तो तेव्हाच घरी जायला हवा होता.

पण मला पुस्तकी मुद्दे घेऊन भांडायचं नाही. मी आयसीयूत सिस्टर होते, सगळी नोकरी तिथेच गेली, आणि लेखकाने 'रिकामटेकडे प्रश्न' म्हटलंय ना, ते प्रश्न मी बेडशेजारी उभं राहून ऐकलेत.

एक पेशंट आठवतो, तरुण होता, अपघातात डोक्याला मार. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट नियमाप्रमाणे केल्या, व्हेंटिलेटर काढून श्वास येतो का तेही पाहिलं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला तरी छाती हलली नाही, काही तासांनी परत तेच. ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेला. मग व्हेंटिलेटर सुरूच ठेवलेला, कारण अवयवदानाचं विचारायचं होतं. त्याची बायको आत आली, तिने त्याचे पाय हातात धरले आणि मला म्हणाली, सिस्टर, पाय गरम आहेत, छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर ठोके दिसतायत, आणि हे गेले असं कसं म्हणता तुम्ही? डॉक्टरांनी तिला रिपोर्ट समजावून सांगितले, चांगले समजावले, माणूस चांगला होता. पण ती रिपोर्टबद्दल विचारतच नव्हती. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, टेस्ट मला येते सिस्टर, पण मेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आणि तेवढ्यात अ‍ॅडमिनचा माणूस दारात आला आणि बेड कधी मोकळा होणार विचारून गेला. तिच्या देखत.

त्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे उपचारात काय योग्य काय अयोग्य याचा विचार करणाऱ्या समितीवर, तेव्हा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, एका सरकारी कॉलेजमधून, मानधनाशिवाय. मी ही गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी कुणाला लेक्चर दिलं नाही. सगळ्यांना एकच विचारलं, या खोलीत त्या वेळी जे जे झालं ते कुणासाठी झालं, पेशंटसाठी, बायकोसाठी, की आपल्यासाठी? एकालाही पटकन उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. मग त्यांनी चिकाटीने ठरवून घेतलं की मृत्यू झाला हे सांगणं वेगळं आणि अवयवांचं विचारणं वेगळं, एका दमात दोन्ही नाही, मध्ये घरच्यांना वेळ, आणि अ‍ॅडमिनच्या कुणीही त्या दारात पाय ठेवायचा नाही. मला विचाराल तर त्यानंतर त्या वॉर्डात रडणं तेवढंच राहिलं पण भांडणं कमी झाली, आणि दान करणाऱ्यांना ते मनापासून करता यायला लागलं.

पुढे काय झालं? कॉलेजात त्या विषयाला मुलं कमी म्हणून विभाग बंद केला. बाईंची बदली झाली, कमिटीवर यायला त्यांना सुट्टी मिळेना, आणि त्यांच्या खुर्चीवर हॉस्पिटलच्या जनसंपर्क विभागाचा माणूस येऊन बसला. हे मला आजही सहन होत नाही. प्रश्न तिथेच होते, बेडवर माणसं येतच होती, फक्त ज्याला त्यात स्वतःचं काही साधायचं नाही असं माणूस खोलीतून गेलं. लेखकाला मी हेच सांगतेय. तत्त्वज्ञाचा पगार बंद केला म्हणून प्रश्न बंद होत नाही, तो मग ज्याचा त्यात फायदा असतो तो सोडवतो.

हे मी मनाने म्हणत नाही. हार्वर्डच्या समितीने 1968 मध्ये मेंदूवरून मृत्यू ठरवायचे निकष मांडले तेव्हा कारणं उघड लिहिली होती, एक म्हणजे अशा पेशंटचा घरच्यांवर आणि हॉस्पिटलवर पडणारा भार, दुसरं म्हणजे जुन्या व्याख्येमुळे अवयव मिळवताना होणारे वाद. हान्स योनास नावाच्या तत्त्वज्ञाने तेव्हाच आक्षेप घेतला की दुसऱ्याची गरज आहे म्हणून मृत्यूची रेषा सरकवू नका. निकष राहिले, त्यातून पुष्कळ जीव वाचले, मी ते डोळ्यांनी पाहिलेत आणि मी अवयवदानाच्या बाजूचीच आहे. तरी योनासने विचारलं ते कुणीतरी विचारायलाच हवं होतं, आणि त्या समितीच्या आतून ते आलं नसतं.

दुसरं उदाहरण घ्या. 1978 मध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, मग लॅबमधल्या गर्भावर किती दिवस प्रयोग करू द्यायचे हा वाद पेटला. काही म्हणत एक दिवसही नाही, संशोधक म्हणत आम्हाला अडवू नका. ब्रिटिश सरकारने 1982 मध्ये समिती नेमली आणि अध्यक्ष कोण, तर मेरी वॉर्नॉक, तत्त्वज्ञ. 1984 च्या अहवालात 14 दिवसांची मर्यादा आली. साधारण त्याच सुमाराला गर्भावर पहिली रेघ उमटते, शरीर घडायला लागल्याची खूण, आणि त्यानंतर सहसा एका गर्भाचे दोन, म्हणजे जुळे, होत नाहीत, म्हणून तिथे थांबायचं. 1990 मध्ये त्याचा कायदा झाला आणि पुढे कितीतरी देशांनी तीच रेषा धरली. ज्यांना मूल होत नव्हतं अशा घरांनी त्या बाईंचे आभार मानायला हवेत. हातात काही पडत नाही म्हणे!

आणि लेख कॉम्प्युटरवर टाइप केला असेल तर तेही बघा. जॉर्ज बूल या गणितज्ञाने विचारांचे नियम गणितात मांडले 1854 मध्ये, तेव्हा तो आयर्लंडमधल्या कॉर्कच्या सरकारी कॉलेजात प्राध्यापक होता. ते क्लॉड शॅनन या अमेरिकन इंजिनिअरला भेटलं मिशिगनच्या विद्यापीठात, तत्त्वज्ञान विभागाच्या तर्कशास्त्राच्या वर्गात, आणि 1937 च्या प्रबंधात त्याने दाखवलं की स्विचची सर्किटं त्याच नियमांनी बांधता येतात, आणि कॉम्प्युटर अशाच सर्किटांवर चालतो. मध्ये गेली 83 वर्षं. इतका धीर कुठल्या कंपनीला आहे?

एक आक्षेप मात्र मी मानते आणि लेखकाने तो घेतला असता तर बरं झालं असतं. सरकारचा पैसा आला की सरकारला बोचेल ते बोलता येईल का? डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने 1673 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गची प्राध्यापकी नाकारली ती याच भीतीने, आणि लेन्स घासून गुजराण केली. ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय म्हणजे नेमणूक आणि काढून टाकणं मंत्र्याच्या हातात न देणं, पगारच बंद करणं हा नाही. पगार बंद झाला की बोलायला उरतो तो एकतर ज्याच्या घरी वडिलोपार्जित पैसा आहे तो, नाहीतर ज्याला एखाद्या कंपनीने ठेवलाय तो.

बाकी 'डॉक्टर-इंजिनिअर स्वतःचं कमावतात' हे वाक्य लेखकाने मागे घ्यावं. डॉक्टर सरकारी कॉलेजात कुणाच्या पैशावर शिकतात, इंजिनिअरचे पूल-रस्ते कोण बांधून घेतं? आम्ही नर्सेस शिकलो तेही करदात्यांच्याच पैशावर, आणि त्याची मला लाज वाटत नाही, अभिमान आहे.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या पेपरात आठवड्याला एक पान असायचं पुस्तकांचं आणि विचारांचं, ते बंद करून तिथे राशिभविष्य वाढवलंत. हा लेख त्या पानावर आला असता तर शेजारी कुणीतरी जाणत्याने उत्तरही दिलं असतं, मला निवृत्त नर्सला हे लिहीत बसावं लागलं नसतं. ते पान परत सुरू करा. आणि मागच्या वेळी माझं पत्र मधूनच कापलंत, अर्थ उलटा झाला होता. हे लांबलंय मला माहितेय, पण छापणार असाल तर त्या बाईंचा भाग कापू नका, जागा कमी पडली तर कांट काढा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका