अंगण खरंच वाकडं होतं

लालबाग, मुंबई
१२ जानेवारी

प्रिय बंड्या,

शिव्या आधी घालून घे, मग वाच. दोन दिवाळ्या तुझ्या मेसेजला मी नुसते जोडलेले हात पाठवले. तब्येत म्हणशील तर शुगर आहे, गुडघे आहेत, सगळं जागच्या जागी. आज लिहितोय ते फोनवर जमलं नसतं. तू हसला असतास आणि मी विषय बदलला असता.

२ जानेवारीला पोलिसांचा रेझिंग डे असतो. त्या आठवड्यात शाळेच्या पोरांना हत्यारं दाखवतात, म्हणून नातवाला घेऊन गेलो. टेबलावर हिरवं कापड, त्यावर इन्सास, एसएलआर, कार्बाईन आणि अगदी कडेला दोन जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. पोरांची झुंबड इन्सासपाशी. कडेला मी एकटाच. तिथल्या हवालदारानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "काका, एनसीसी का?" म्हणजे पोट सुटलं तरी उभं राहणं तसंच आहे.

बंड्या, त्या दोन रायफली एकसारख्या नाहीत रे. आपण दोघींनाही थ्री-नॉट-थ्रीच म्हणायचो. एकच काडतूस, मॅगझिनमध्ये दहा राउंड, बोल्टही तसाच, पुढे रेटताना घोडा चढणारा. पण एक होती नंबर १ मार्क ३, म्हणजे मूळ १९०७ ची. मुठीच्या पुढच्या पट्टीवर बंगालातल्या इशापूर कारखान्याचा शिक्का. नळी टोकापर्यंत लाकडात झाकलेली, पुढे ते बसकं नाक. नेम धरायची मागची साइट, म्हणजे बॅकसाइट, नळीवर, डोळ्यापासून हातभर लांब, आणि साधी उघडी खाच. दुसरी नंबर ४. विलायतेत १९३९ ला मंजूर झाली, लढाईत भराभर बनवता यावी म्हणून सुटसुटीत केलेली. हिची नळी जाड आणि तोंड लाकडाच्या बाहेर डोकावतं. आणि बॅकसाइट पार मागे, डोळ्याजवळ, गोल भोकाची. दोन साइटमधलं अंतर पहिलीपेक्षा साधारण नऊ इंच जास्त. इशापूरवाल्यांनी नंबर ४ कधी बनवलीच नाही, ते जुनीच घडवत राहिले. बासष्टच्या लढाईनंतर तिच्यातच ७.६२ चं काडतूस बसवलं.

हवालदारानं दोन्ही खांद्याला लावू दिल्या. आधी जुनी. खाच, नळीच्या टोकाची फोरसाइट आणि समोरच्या भिंतीवरचा ठिपका, तिन्ही एकदम धरायला डोळ्याची कसरत. मग नंबर ४. भोकातून बघितलं की फोरसाइट आपोआप मधोमध येते, भोकाचा विचारच करावा लागत नाही. तेव्हाच माझ्या हातातली रायफल खाली आली. एनसीसीच्या कॅम्पात माझ्या हातात ही होती, बंड्या. तुझ्या हातात ती.

त्या सकाळी हत्यारांच्या कोठीसमोर, कोतसमोरच्या रांगेत तू माझ्या पुढे होतास. माझी बेरे टोपी तंबूत राहिली, उस्ताद ओरडतील म्हणून तू धावत आणायला गेलास. तेवढ्यात रांग सरकली आणि तुझ्या वाट्याची नंबर ४ माझ्या हातात पडली. तू परत आलास तेव्हा उरलेली घेतलीस, माझी बेरे बगलेत.

पुढचं तुला माहीत आहे. १०० यार्डावर पाच-पाच राउंड. माझ्या गोळ्या निशाणाच्या मधल्या काळ्याच्या आसपास विखुरलेल्या, पण मार्क मिळवणाऱ्या. तुझ्या पाचही गोळ्या तंबाखूच्या डबीखाली झाकल्या असत्या इतक्या जवळ, फक्त उजवीकडे वर. उस्ताद काय म्हणाले आठवतं? "ग्रुप बढ़िया है, जगह गलत है." तेव्हा मला वाटलं, तुझी समजूत काढतायत. आता कळतं की ते रायफलीबद्दल बोलत होते. फोरसाइट जुळवून रायफल झीरो केली असती, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणली असती, तर तोच ग्रुप काळ्याच्या मधोमध बसला असता. त्यात नुकताच पाऊस सरलेला. जुनीत नळीभोवती अख्खं लाकूड, ते फुगून नळीला टेकलं की गोळी दुसरीकडेच जाते. नळी बिचारी बारीक. चाळीतल्या आपल्या दाराचं श्रावणात काय व्हायचं, तसंच.

तू म्हणालास, "रायफल वेगळी आहे." आणि मी सगळ्या तंबूसमोर म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." किती हसले सगळे. कॅम्प संपेपर्यंत तुला 'अंगण' म्हणत होते. मीच पाडलेलं नाव ते.

हवालदाराला हे काही बोललो नाही. तो बिचारा नंबर ४ चा खिळ्यासारखा बेनेट, म्हणजे संगीन, नातवाला दाखवत होता. नातू म्हणाला, "आजोबा, हा बर्फवाल्याचा टोच्या आहे." बरोबरच होतं त्याचं. मग हवालदार हळूच म्हणाला, "२००८ ला सीएसटीवर आमच्या लोकांकडे थ्री-नॉट-थ्रीच होत्या हो काका, आणि समोर एके-४७." त्यावर मी काय बोलणार.

आता जे गेले आठ दिवस डोक्यात आहे ते. दिवाळीनंतर तू परेडला यायचं सोडलंस. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट राहिलं. तात्यांनी बँकेचा फॉर्म आणला आणि तू मुकाट्यानं भरलास. मी फायरिंगच्या त्या कपाच्या जोरावर एसएसबीला, लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीला गेलो आणि पाचव्या दिवशी भोपाळहून रिकामा परत आलो, ते सोड. पण तू गेला असतास तर? तू म्हणशील, फायरिंगचा काही संबंध नव्हता, अकाउंट्स आवडायचं. बंड्या, तुला अकाउंट्स कधीच आवडत नव्हतं. माझ्याकडून कॉपी करून पास झालास, आणि मी कोणाकडून करत होतो ते तुला माहीत आहे.

एवढं सगळं कबूल केलं म्हणून कॅरमचं कबूल करणार नाही. माझी क्वीन कव्हर झाली होती.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं ना? अनघा बंगळुरात रुळली का? इंदूरला थंडी असेल, कानटोपी घाल.

कप अजून शोकेसमध्ये आहे. मनीषा त्यात सुट्टे पैसे ठेवते. ते काढून कप कुरियरनं पाठवू का, की मार्चमध्ये येशील तेव्हा स्वतः नेशील? काय ते कळव. नुसते हात जोडू नकोस.

तुझा,
सुऱ्या