आम्हाला तिचे काम आठवते

शिरपूर,
गुरुवार

चि. सौ. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा जावईबापूंचा निरोप बाबांच्या मोबाइलवर आला. तुझा स्वतःचा फोन आला नाही, त्यावरून राग अजून उतरलेला नाही हे समजले. फोनवर आपण दोघीही एकमेकींचे वाक्य पुरे होऊ देत नाही, म्हणून पत्र लिहीत आहे. बाळंतपणानंतर महिन्याच्या आत मालिकेच्या सेटवर परत जाण्याचे तू कबूल करून आली आहेस, हे डोहाळजेवणाच्या दिवशी भरल्या घरात ऐकले तेव्हा माझ्या तोंडून स्मिता पाटीलचे नाव निघाले. त्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, की शिरपूरच्या लोकांना ती कशी गेली एवढेच पाठ आहे, तिने काय केले हे एकालाही धड सांगता येणार नाही. मोठ्या मामी हसल्या. मला हसू आले नाही.

तेव्हा हे पत्र तिच्या कामाबद्दल आहे. दुसऱ्या विषयाला मी हात लावणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन.

तिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्याचा, हे तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, आणि आपल्याकडे माणसाचे गाव बापाच्या घरावरून ठरते, जन्माच्या दाखल्यावरून नाही. शिवाजीराव स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई समाजकार्यात. आणि मुलगी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेली. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या देऊ लागली, तेव्हा ‘शिवाजीरावांची पोर टीव्हीवर दिसते’ असे तुझे आजोबा चौकातून ऐकून आले होते. दिसते कसली, मुंबई केंद्राचे चित्र त्या काळी तापीच्या या काठापर्यंत पोहोचतच नव्हते आणि गावात टीव्ही संच तरी कोणाकडे होता? जीनच्या पँटवरच साडी गुंडाळून ती बातम्या वाचायला बसते, ही गोष्ट मात्र चित्राच्या आधी येऊन पोहोचली होती, आणि अक्का ती आल्यागेल्याला रंगवून सांगत असत.

श्याम बेनेगलांनी तिला घेतले ते १९७५ च्या ‘चरणदास चोर’मध्ये, मग ‘निशांत’ आणि ‘मंथन’. ‘मंथन’साठी गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, हे बाबा दूध सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत सांगतात आणि सभासद त्याच वेळी चहाला उठतात. पण त्या चित्रपटातली तिची बिंदू बाबांनी पाहिली आहे, अनेकदा पाहिली आहे. गोठ्यातल्या कामाची सवय असलेली बाई परक्या माणसाशी बोलताना नजर कुठे ठेवते, हे शहरात वाढलेल्या मुलीला कसे कळले, असे ते अजून विचारतात.

‘भूमिका’ मी फार पुढे, दूरदर्शनवर पाहिला. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर तो बेतलेला आहे, हे तुला मी सांगायला नको. तो केला तेव्हा स्मिता एकवीस-बावीस वर्षांची होती, आणि त्यात तिने कोवळ्या वयापासून ते पुरती दमलेल्या बाईपर्यंतचे सगळे वय दाखवले. ते वय रंगरंगोटीने वाढलेले नाही, तिच्या बसण्याउठण्यातून आणि उंबऱ्याशी रेंगाळण्यातून वाढले आहे. त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तू बावीसची असताना काय केलेस हेही मला आठवते. टायफॉइडचा ताप अंगावर काढून तू एकांकिका स्पर्धेत उभी राहिलीस, बक्षीस घेऊन आलीस आणि आठवडाभर अंथरुणाला खिळलीस. तेव्हाही तू मला फोन केला नव्हतास; तुझ्या मैत्रिणीने केला.

पाहा, आलेच मी तिथे. असो.

‘जैत रे जैत’ मला सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण माझी नोकरी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी उपकेंद्रावर मी इतकी वर्षे काढली, पावरा बायकांची बाळंतपणे केली, त्यांच्या पाड्यांवर लसीची पेटी खांद्याला लावून चढले. चित्रपटातले ठाकर निराळे, मुलूख निराळा, बोली निराळी, हे मला ठाऊक आहे. तरीही तिची चिंधी चढावरून चालते तेव्हा पाय टाकताना ती खाली पाहत नाही, हे मी ओळखले. डोंगरातल्या बाईला खाली पाहावे लागत नाही. आम्ही बाहेरच्या बायका पाहतो. जब्बार पटेल स्वतः डॉक्टर आणि नाग्या झालेले मोहन आगाशेही डॉक्टर, तेव्हा या चित्रपटावर आरोग्य खात्याचाही थोडा हक्क आहे, असे मी प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलींना सांगत असे.

पुढे ‘चक्र’मध्ये तिने झोपडपट्टीतली अम्मा उभी केली आणि दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मृणाल सेनांबरोबर बंगाली, केतन मेहतांबरोबर गुजराती, अरविंदन यांच्याबरोबर मल्याळम. भाषा आडवी आली असे तिच्या बाबतीत कुठे दिसत नाही. १९८५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ती तिशीलाही पोहोचली नव्हती. आणि मधल्या काळात, १९८२ साली, ‘नमक हलाल’मधले पावसातले गाणे आले. गावात कुजबुज झाली, आमच्या वसतिगृहातही झाली, की ‘भूमिका’ करणारीने हे कशाला करावे. मला तेव्हाही ती कुजबुज पटली नाही. तू मालिकेत काम करतेस म्हणून मी नाक मुरडते, असे तुला वाटते, ते साफ चूक आहे. गेल्या महिन्यातल्या त्या भागात सासूचे बोलणे ऐकत तू साडीची घडी घालत होतीस, आणि तिसरी घडी पडता पडता तुझे हात थांबले. तुला त्या प्रसंगात एकही वाक्य नव्हते. मेडिकलच्या दुकानातला मुलगा दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, की मावशी, तुमच्या ताईने काल रडवले. मी त्याला फक्त ‘हो का’ म्हटले आणि गोळ्यांचे पैसे न देताच घरी आले.

‘मिर्च मसाला’ तिच्यामागे, १९८७ मध्ये, चित्रपटगृहांत लागला. माझी पहिली नेमणूक तेव्हा नंदुरबारकडे होती. थंडी सुरू झाली की गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरली जाते, आणि बायका दिवसभर उकिडव्या बसून ती उलथीपालथी करतात, निवडतात, देठ खुडतात. संध्याकाळी त्या दवाखान्यात येत. बोटांची कातडी भाजल्यासारखी लाल झालेली, नखांच्या कडा फाटलेल्या, पदराने डोळे पुसावेत तर पदरालाही मिरचीच लागलेली. मुलाला पाजायला घेण्याआधी त्या हाताला तेल चोळत आणि तरीही मूल रडे. मिरचीच्या कारखान्यात कोंडून घेतलेल्या सोनबाईला पडद्यावर पाहिले, तेव्हा माझ्या शेजारी बसलेली आमची दाई खोकायला लागली. पडद्यावरची मिरची तिच्या घशाशी आली होती. शेवटी बायका सुभेदारावर तिखट उधळतात आणि स्मिता हातात विळा घेऊन उभी राहते. त्या नजरेबद्दल मला काही लिहिता येणार नाही. ते तुम्ही कलावंतांनी लिहावे. मी एवढेच जाणते, की ती नजर आम्ही पाहत होतो तेव्हा ती बाई या जगात नव्हती, आणि आमच्या रांगेतल्या कितीतरी जणी त्या कारणाने रडत होत्या.

‘उंबरठा’वरून तू मला बोललीस ते मनात राहिले आहे. त्यातली स्मिताची सुलभा महाजन लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर निघते, तेव्हा थिएटरात टाळ्या वाजवणारी आई स्वतःच्या मुलीला मात्र घरात बसवू पाहते, असे तू म्हणालीस. मृण्मयी, मी तुला कधी बसवले? तू दोन वर्षांची असताना तुला अक्कांच्या ओटीत टाकून मी पावसाळ्यात साथीच्या ड्यूटीवर जात होते, आणि त्यावर मोठ्या घरात काय काय बोलले गेले, हे तुला आजही पुरते ठाऊक नाही. तू अभिनय शिकायला निघालीस तेव्हा भविष्यनिर्वाह निधीतून पैसे कोणी काढले, हे बाबांना विचार. तू काम सोडावेस, असे माझ्या मनात आजही नाही. माझे म्हणणे फक्त सव्वा महिन्याचे आहे.

आता आलेच आहे तर लिहून टाकते. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने ती गेली. मूल पंधरा दिवसांचे होते. ती एकतीस वर्षांची होती. तुला येत्या श्रावणात एकतीस पूर्ण होतील. मी हा हिशोब मुद्दाम केलेला नाही, तो आपोआप होतो. मी तेव्हा धुळ्याला प्रशिक्षण घेत होते आणि सूतिकेच्या तापाचा धडा आम्हाला नुकताच शिकवून झाला होता. बातमी रेडिओवर आली. मुंबईत, मोठ्या रुग्णालयात, मोठमोठे डॉक्टर हाताशी असताना एवढी माणसे जिच्यासाठी धावू शकतात ती बाई वाचत नाही, तर आमच्या पाड्यावरची कशी वाचायची, हे आमच्यापैकी कोणी बोलले नाही, पण रात्री जेवण कोणालाच गेले नाही.

पुढे पस्तीस वर्षे मी तेच काम केले. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आता आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, हे वेळापत्रक कोणाच्या लहरीने ठरलेले नाही. शंभराच्या वर चढलेला ताप, हुडहुडी, ओटीपोटात दुखणे, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. उद्या सकाळी नाही, सीन संपल्यावर नाही. जंतुसंसर्ग एकदा रक्तात पसरला की तासांचा हिशोब उरतो. अक्का माझ्या बाळंतपणात उंबऱ्यात बसून राखण करीत आणि ‘आंगवर ताप शे, पानीमा हात नको घालू’ एवढे एकच वाक्य म्हणत. त्यांना जंतू माहीत नव्हते. पण बाळंतिणीचा ताप हसण्यावारी नेला की काय होते, हे त्यांनी सरलाच्या वेळी डोळ्यांनी पाहिले होते. सरलाबद्दल मी लिहीत नाही.

मी पुन्हा नर्सबाईच्या आवाजात बोलू लागले. माफ कर. तुला हा आवाज लहानपणापासून आवडत नाही, आणि जावईबापू सुशिक्षित आहेत, तिकडचे डॉक्टर चांगले आहेत, हेही मी मानते. पहिले बाळंतपण माहेरी नाही म्हणून माझा हट्ट नाही. मोठे रुग्णालय जवळ आहे तर मुंबईतच होऊ दे. पण तेरा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये, चेहऱ्यावर मेकअप असताना, तुला कणकण आली तर ते कोणाला दिसणार? तू सांगणार नाहीस. तू कधीच सांगत नाहीस. नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. तुमच्या करारात ती नसेल, तरी निर्मात्यांशी बोलून आधीच पुढच्या भागांचे चित्रण करून त्यांची बँक करून ठेवता येते, असे तूच मागे कोणत्या तरी नटीबद्दल सांगितले होतेस. तिच्यासाठी जमले तर तुझ्यासाठी विचारायला काय हरकत आहे? विचारताना तुला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. तो तू माझ्याकडूनच घेतलास.

बारा-तेरा वर्षांत स्मिताने ऐंशीच्या आसपास चित्रपट केले. शबाना आझमी तिच्यानंतरही काम करीत राहिल्या, नसीरुद्दीन शाह करीत राहिले, ओम पुरी कितीतरी वर्षे करीत राहिले. साठीतली स्मिता कोणत्या भूमिका करती, याचा बाबा आणि मी कधी कधी विचार करतो. बाबा म्हणतात, तिने एखादी खाष्ट सासू अशी केली असती की सुनांनी तिचीच बाजू घेतली असती.

आता व्यवहाराचे. तारखेच्या आठ दिवस आधी मी येईन आणि बेचाळीस दिवस राहीन; बाबांचे जेवण मधल्या काकू पाहणार आहेत, ते बोलणे झाले आहे. डिंकाचे आणि अळिवाचे सामान मी इकडूनच आणते, तिकडे महाग मिळते आणि निवडलेले नसते. तुला सेटवर जावेच लागले तर मी बाळाला घेऊन सोबत येईन, व्हॅनिटी व्हॅनमध्ये बसेन, कोणाशी बोलणार नाही, पण दुपारी आणि संध्याकाळी थर्मामीटर लावू द्यायचा, एवढी एक अट आहे. सातव्या महिन्याचे रक्ताचे आणि लघवीचे रिपोर्ट मला मोबाइलवर पाठव, हिमोग्लोबिनचा आकडा नीट दिसेल असा फोटो काढ. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. — बाबा विचारतात, की ‘जैत रे जैत’ची चांगली प्रत तुमच्याकडे कुठे मिळते का. मोठ्या मामींना दाखवायची आहे.