ताई, कुंडीतली माती इतकी नीट समजावलीत, त्याबद्दल

नमस्कार ताई,

मेसेजमध्ये थँक्यू म्हटलं असतं तर दोन ओळींत उरकलं असतं, पण मुद्दाम इथे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण कुंडीत झाडं लावणारे बरेच जण त्याच प्रश्नाशी अडलेले असतात ज्यातून तुम्ही मला बाहेर काढलंत.

मी विचारलं होतं एवढंच की कुंडीच्या मिक्समध्ये माती किती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किती, खत किती. तुम्ही प्रमाण सांगायच्या आधी उलट मलाच विचारलंत, कुंडी किती खोल आहे, ऊन किती तास, पाणी कधी घालतेस. आणि मग तो स्पंज! ओला गच्च स्पंज आडवा धर, पाणी गळायचं थांबू दे, आता तोच उभा कर. केलं, आणि खरंच परत पाणी गळायला लागलं. तेव्हा कुंडीचं अख्खं गणित डोक्यात शिरलं. भिजलेल्या मातीच्या तळाशी थोडं पाणी अडकून राहतंच, त्या थराची उंची मिक्स किती बारीक आहे त्यावर ठरते, म्हणून तेच मिक्स उथळ कुंडीत जास्त चिकचिकीत राहतं आणि खोल कुंडीत मुळांना वर कोरडी मोकळी जागा मिळते. तळाला खडे घातले तरी हे पाणी खाली जात नाही, ओला थर उलट वर सरकतो, मुळांची जागा कमी होते. हे एवढं साधं कारण मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, सगळे आपले "ड्रेनेज चांगलं ठेवा" म्हणून मोकळे.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे तुमचं वाक्य आता मिक्स करताना सारखं मनात असतं. बागेतली नुसती माती कुंडीत का घट्ट बसते, बारीक वाळू घातली की मोकळी व्हायच्या ऐवजी अजून का दडपते, पर्लाईट (ते हलके पांढरे सच्छिद्र दाणे) कशासाठी, हे सगळं त्या एका वाक्यातून सुटत गेलं. मोठ्या कुंड्यांना मी आता माती, कोकोपीट, गांडूळखत सारखंच घेते आणि मूठ-दोन मूठ पर्लाईट टाकते, पण प्रमाणापेक्षा तुमच्या मुठीच्या टेस्टवर माझा जास्त विश्वास आहे. ओलसर मिक्स मुठीत दाबायचं, गोळा व्हायला हवा, बोटाने टोचला की फुटायला हवा, दाबताना पाण्याची धार लागली तर थांबायचं.

कोकोपीटचंही तसंच. काथ्यात मीठ असतं म्हणून धुवायचं हे ऐकलं होतं, पण नुसत्या पाण्याने त्या मिठातलं सगळं सोडियम जात नाही, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवलं की कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि ते सुटून येतं, मग परत धुवायचं, हे तुम्ही सांगितलंत.

रोपांसाठी मात्र तुम्ही खरंच जीव ओतून सांगितलंत. बी स्वतःचा शिधा घेऊन येतं, त्याला सुरुवातीला भरपूर खत नकोच, बारीक चाळलेलं, हलकं आणि स्वच्छ मिक्स हवं. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इनिस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी जे मिक्स ठरवलं, त्यात पेरणीसाठी माती २, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) १, वाळू १ आणि मोठ्या रोपांसाठी ७, ३, २ असं वेगळं प्रमाण होतं, आणि माती वाफवून घ्यायची कारण रोपं मातीतल्या रोगांनी जायची. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं की आपली ही रोज सकाळची धडधड किती जुनी आहे! कालपर्यंत ताठ असलेलं रोप मातीलगत देठ बारीक, पाणचट होऊन आडवं पडलेलं दिसलं की जीव कसा होतो ते लावणाऱ्यालाच माहिती. रायझोक्टोनियासारख्या बुरशीला आणि बुरशीसारख्याच पिथियमला ओलं, दाटलेलं मिक्स फार आवडतं, म्हणून वरचा थर जरा सुकू द्यायचा आणि पाणी ट्रेच्या खालून द्यायचं. आता ट्रेमधली रोपं खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतरची) येईपर्यंत उभी असतात ताई, रोज बघते आणि रोज तुमची आठवण येते.

सगळ्यात जास्त आभार मात्र या गोष्टीचे, की मी तेच तेच परत विचारलं तरी तुम्ही एकदाही "सांगितलं ना" असं म्हणाला नाहीत. कंपोस्ट पिकलंय का ते कसं ओळखायचं हे तर तुम्ही किती वेळा सांगितलं असेल, ओलसर करून पिशवीत बंद कर, काही दिवसांनी उघड, आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर अजून वेळ दे, मातीसारखा वास आला तर घे वापरायला.

आता पुढचा प्रश्न तयार आहे. जुन्या कुंड्यांमधलं मिक्स बसून घट्ट झालंय, मुळं चाळून काढून ठेवलीत. त्यात नवीन कोकोपीट आणि खत किती घालू, की फक्त पर्लाईट पुरेल? सवडीने सांगा, घाई नाही.

तुमची,
कुंडीवाली