सव्वासहाची एक गाडी सोडा, पोरांना शाळा पूर्ण मिळू दे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की पेपरात पहिल्या पानावर येतं, कोकण मंडळ राज्यात पहिलं. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. वाचून खरंच बरं वाटतं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या दोनच जिल्ह्यांचं आपलं मंडळ, पण पोरं आणि शिक्षक दोघं जीव तोडून करतात. फक्त निकालात मार्क दिसतात, शाळा सुटल्यानंतरची शाळा कोणाला मिळाली आणि कोणाला नाही ते त्यात येत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. जमलं तर पूर्ण छापा.

माझी मुलगी नववीत आहे. आमची वाडी खाडीपलीकडे, हायस्कूल तालुक्याच्या गावात. सकाळच्या एसटीच्या गाडीबद्दल काही म्हणणं नाही, ड्रायव्हर कंडक्टर पोरांना नावाने ओळखतात, एखादं पाणंदीतून धावत येताना दिसलं तर गाडी थांबवून ठेवतात. प्रश्न आहे तो संध्याकाळचा. शाळा सुटते 5.10 ला आणि आमच्या बाजूची गाडी 5.15 ला, हायस्कूलपासून स्टँड चालत दहा मिनिटं, ते पण उतारावरून, पावसात तो रस्ता किती निसरडा होतो ते तिथल्या कोणालाही विचारा. मग होतं काय की पाच वाजायच्या आधीच वर्गावरचे सर सांगतात गाडीवाले निघा, आणि अर्धा वर्ग दप्तरं छत्र्या उचलून चालू पडतो. ती गाडी चुकली की पुढची एकदम साडेसातची, रात्री मुक्कामाला जाणारी वस्तीची.

आता हा जो शेवटचा तास आहे ना, आठवा, तो बघायला गेलं तर आठवड्यातले बरेच दिवस पीटी, चित्रकला नाहीतर लायब्ररीचा असतो. गणित इंग्रजी सकाळी घेतात, ते बरोबरच आहे. पण म्हणजे आमच्या पोरांचं मैदान, चित्रकला आणि पुस्तकं हेच नेमकं कापलं जातं, ते पण पाचवीपासून दहावीपर्यंत, सलग. वर्गात गाववाली पोरं आणि गाडीवाली पोरं असे दोन गट पडलेत, कोणी मुद्दाम पाडलेले नाहीत पण पडलेत.

चित्रकलेचंच घ्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी ग्रेड परीक्षा आहेत, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला 7 मार्क वाढीव मिळतात, बी ला 5 आणि सी ला 3. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे काय पाठ करून येत नाही, बसून हात फिरवावा लागतो. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर परीक्षेआधी शाळा सुटल्यावर रोज तासभर थांबतात, एक रुपया घेत नाहीत, कागदसुद्धा बऱ्याचदा त्यांच्याच पदरचे. त्यांच्यासमोर बसतं कोण तर ज्याचं घर चालत जाण्यासारखं आहे ते. माझ्या मुलीचा हात चांगला आहे असं ते सर स्वतः म्हणाले, घरी ती वहीच्या मागच्या पानांवर होड्या, माडाच्या झावळ्या, आजीचे हात असं काय काय काढत असते. विचारलं तर म्हणते, आये, माका थांबाक गावत नाय. यावर मी तिला काय उत्तर देऊ ते सांगा.

दुसरं आठवीतल्या एनएमएमएस स्कॉलरशिपचं. ही परीक्षा आहेच मुळी वर्षाला साडेतीन लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी, पास होऊन यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. बुद्धिमत्तेचा पेपर 90 प्रश्नांचा आणि शालेय विषयांचा पण 90, आणि बुद्धिमत्तेचा तर वर्गात शिकवतच नाहीत, तो जादा तासालाच होतो. जादा तास कधी, तर संध्याकाळी सव्वापाचला! ज्या घरांना त्या 12 हजारांची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांची पोरं त्या वेळी गाडीत खिडकीला बसलेली असतात. काही सर रविवारी बोलावतात, पण रविवारी आमच्याकडे यायच्या जायच्या फेऱ्या आणखीच कमी.

खेळाचं तर विचारूच नका. आमच्या वाडीतला एक मुलगा, घाटी चढत उतरत वाढलेला, धावण्यात त्याच्या जवळपास कोणी येत नाही, पीटीचे सर त्याच्या घरी येऊन सांगून गेले की याला प्रॅक्टिसला थांबवा. बाप म्हणाला थांबवतो पण आणू कसा, मी होडीवर असतो. विषय तिथेच संपला. स्पेशल रिक्षा करून रोज पोरगं आणणं कोणाला परवडणार.

पासाची सोय चांगली आहे हे पण सांगितलं पाहिजे. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास, मुलांना तिकिटात 66.67 टक्के सवलत, यामुळेच आमच्याकडच्या मुली दहावीपर्यंत तरी पोचतात. पैसे माफ केलेत, आता वेळ जुळवा एवढंच मागणं आहे.

आणि त्यासाठी नवीन गाडी पण नको. साडेसातला जी वस्तीची गाडी सुटते ती साडेपाचपासून स्टँडवरच उभी असते, आम्ही सगळ्यांनी बघितलंय. तिने सव्वासहाला एक छोटी फेरी मारावी, पुलापलीकडच्या तिठ्यापर्यंत, जायला पंचवीस मिनिटं आणि तेवढीच परत, सव्वासातच्या आत ती स्टँडवर. तिठ्यावरून पुढे आम्ही आपापली पोरं आणू, दिवाळीनंतर लवकर काळोख पडतो तेव्हा तर नक्कीच. काही जण म्हणतात 5.15 चीच गाडी तासभर उशिरा सोडा, ते मला पटत नाही, पाचवी सहावीची लहान पोरं उपाशी पोटी तासभर स्टँडवर कशाला बसवायची. साडेसातची पण अलीकडे आणू नका, बाजारात मासे विकून परतणाऱ्या बायका आणि दुकानात कामाला जाणाऱ्या मुली तिच्यावरच अवलंबून आहेत. गणपतीत इथल्या गाड्या जादा म्हणून मुंबईकडे जातात तेव्हा आम्ही समजून घेतो, चाकरमानी आमचेच भाऊ आणि दीर आहेत. पण त्यानंतर लगेचच चित्रकलेच्या परीक्षा येतात, तेव्हा तरी ही फेरी चालू असावी.

शाळेचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव डेपोत दिलेला आहे, पोच आमच्याकडे आहे. बघतो म्हणालेत. रोज जमत नसेल तर मंगळवार आणि गुरुवार दोन दिवस सोडून बघा, महिनाभर किती पोरं बसतात ते कंडक्टरच्या मशीनमध्ये दिसेलच, मग पुढचं ठरवा. तुमच्या पेपरमधून हे वरच्या साहेबांपर्यंत गेलं तर पुढच्या जूनची वाट बघायला लागणार नाही.

आपली,
एक पालक, खाडीपलीकडची वाडी
जि. सिंधुदुर्ग