खोक्यावर ‘लिनक्स’ छापले आहे, मग जोडणी का होत नाही?

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : नेटवर्क स्टोरेज उपकरण लिनक्स संगणकाला सुरक्षितपणे जोडता न येण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचे नेटवर्क स्टोरेज मी घेतले ते खोक्यावर विंडोज आणि मॅकच्या शेजारी लिनक्सचे नाव वाचून. माझे सगळे काम लिनक्सवर चालते. ते नाव छापलेले नसते तर मी दुसरे उपकरण घेतले असते.

उपकरण नेटवर्कवर दिसते, पिंगला उत्तर देते, त्याचे व्यवस्थापन पान ब्राउझरमध्ये नीट उघडते. पण शेअर केलेले फोल्डर माउंट करायला, म्हणजे माझ्या संगणकाला जोडून घ्यायला, गेले की ११२ क्रमांकाची एरर येते : ‘होस्ट इज डाउन’. चालू असलेले यंत्र बंद आहे असे सांगणाऱ्या या संदेशाने कोणीही केबल आणि राउटर तपासत बसेल. खरे कारण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये मिळाले. लिनक्स कर्नलने २०१७ साली, ४.१३ पासून, एसएमबीची (नेटवर्कवर फाइली शेअर करण्याच्या प्रोटोकॉलची) पहिली आवृत्ती आपणहून वापरणे सोडले. सांगितल्याशिवाय तो तिकडे वळत नाही, आणि आपले उपकरण पहिल्या आवृत्तीखेरीज काही बोलत नाही.

मदत केंद्राला हे सविस्तर कळवले. आधी उत्तर आले की लिनक्ससाठी मदत दिली जात नाही, विंडोजवर जोडून पाहा. खोक्यावरच्या मजकुराचा फोटो पाठवल्यावर दुसरे उत्तर आले : माउंट करताना आवृत्ती १.० लिहा आणि संगणकावरील सांबाच्या (लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल ‘एनटी१’, म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती, करा.

या सल्ल्याला माझी ठाम हरकत आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेले वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पहिल्या एसएमबीच्या विंडोजमधील त्रुटीतूनच आत शिरत होते. ती त्रुटी आपल्या उपकरणातली नव्हती हे मला ठाऊक आहे. पण त्यानंतर विंडोजनेही ही आवृत्ती टप्प्याटप्प्याने काढायला घेतली आणि सांबाने २०१९ मध्ये, ४.११ पासून, ती मूळ सेटिंगमध्येच बंद केली. शिवाय किमान प्रोटोकॉलची ती ओळ फक्त आपल्या उपकरणापुरती नसते. सांबाची साधने वापरून माझा संगणक ज्या ज्या सर्व्हरशी बोलेल, त्या सगळ्यांसाठी ती लागू होते. एक उपकरण चालावे म्हणून सगळ्या जोडण्यांची सुरक्षितता खाली आणा, असे ग्राहकाला लेखी सांगणे कंपनीला शोभत नाही.

एनएफएसचा, म्हणजे फाइली शेअर करण्याच्या दुसऱ्या प्रोटोकॉलचा, पर्याय आपण दिला आहे, तोही वापरून पाहिला. लिहिलेली प्रत्येक फाइल ‘नोबडी’ या निनावी खात्याच्या मालकीची होते आणि व्यवस्थापन पानावर ते बदलण्याची सोय नाही. बॅकअप परत घेताना कोणती फाइल कोणाची हेच कळत नसेल, तर तो बॅकअप अर्धवटच म्हणायचा.

सगळ्यात जास्त वाईट वाटले ते पुढच्या गोष्टीचे. उपकरणातल्या परवान्यांच्या पानावर लिनक्स कर्नल आणि सांबा ३.६ अशी नावे आहेत. म्हणजे आपले उपकरण स्वतःच लिनक्सवर चालते, आणि आपले मदत केंद्र म्हणते की लिनक्सचे आम्हाला विचारू नका. दिव्याखाली अंधार तो हाच. त्यातही सांबा ३.६ ला, जो २०११ मध्ये आला, एसएमबीची दुसरी आवृत्ती येते. मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते आणि कमाल प्रोटोकॉलची एक ओळ बदलली की सुरू होते. ती ओळ बदलण्याची सोय आपण ग्राहकाला ठेवलेली नाही. ती दिलीत तर माझ्या बाजूला माउंट करताना २.० लिहायला मी आनंदाने तयार आहे.

म्हणून माझी मागणी अशी. दुसरी आवृत्ती सुरू करणारे आणि पहिली पूर्ण बंद करता येईल असे फर्मवेअर (उपकरणातले सॉफ्टवेअर) लगेच द्या. त्यानंतर सांबा ४ वर या, कारण एसएमबीमध्ये एन्क्रिप्शन आले ते तिसऱ्या आवृत्तीपासून. एनएफएसमध्ये फाइलचा मूळ मालक टिकवण्याचा पर्याय द्या. हे जमणार नसेल तर उपकरण परत घेऊन पूर्ण रक्कम द्या आणि खोक्यावरून लिनक्सचे नाव काढा.

कर्नल आणि सांबाचा सोर्स कोडही मी मागितला होता. त्यावर अजून एका शब्दाचे उत्तर नाही. दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहेत, तेव्हा तो देणे ही आपली जबाबदारीच आहे. सांबा ३.६ जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली येत असल्याने, बदललेला सांबा या उपकरणात बसवण्यासाठी लागणारी माहितीही त्यासोबत हवी.

कृपया या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, आणि ते लिनक्स जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडून यावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, खोक्याचा फोटो, कर्नल लॉगची प्रत, मदत केंद्राची दोन्ही उत्तरे